ट्रेलरवरची शिडाची होडी : घेण्याआधी काय बघाल?

दरवर्षी एप्रिल उजाडला की अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून तेच प्रश्न येऊ लागतात. ‘पंधरा फुटी घ्यावी की बावीस फुटी?’ ‘आमची ओडिसी ओढेल का?’ ‘अजून व्हिसावर आहोत, होडी नावावर होते का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न : ‘एक जुनी होडी स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का?’

हे सगळे प्रश्न होडीपासून सुरू होतात आणि गोंधळ तिथेच होतो. ट्रेलरवरून नेली जाणारी होडी पाण्यात थोडाच वेळ असते. बाकी सगळा काळ ती तुमच्या दारात, गाडीच्या मागे किंवा रॅम्पशेजारच्या पार्किंगमध्ये असते. म्हणून आधी गाडी, जागा आणि जवळचं पाणी बघा. लांबीचा प्रश्न त्यातून बराचसा सुटतो. आमचं मत आधीच सांगून टाकणं बरं : पहिली होडी १५ ते १९ फुटांची असावी. बावीस फुटी वाईट नसते, पण ती ‘आज संध्याकाळी जरा जाऊन येऊ’ म्हणण्याची होडी नव्हे.

आधी कागदावर लिहून काढा

- पाणी कुठलं? घरापासून तासाभरात जे पाणी आहे तेच खरं. वर्षातून एकदा फ्लोरिडा कीज किंवा सॅन वान बेटांना जायचं मनात असेल, तर त्या एका आठवड्यासाठी होडी निवडू नका. तिथे भाड्याने मिळतात.
- नेहमी जाणार किती जण? दोघं, की दोन मुलांसह चौघं?
- रात्री होडीत झोपणार का? खरोखर झोपणार असाल तरच केबिनचं वजन ओढण्यात अर्थ आहे. बऱ्याच केबिनमध्ये आयुष्यभर फक्त लाइफ जॅकेटं आणि चिवड्याचे डबे झोपतात.

माणसांच्या संख्येबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘अजून दोघं मावतील’ हा स्वभाव आहे. मोटरबोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल हे सांगणारी पाटी असते. २० फुटांखालच्या बोटींना ती सक्तीची आहे, पण शिडाच्या होड्या त्या नियमातून वगळलेल्या आहेत. म्हणजे पाटी दिसली नाही याचा अर्थ मर्यादा नाही असा होत नाही. उत्पादकाचं माहितीपत्रक मिळवा आणि तिथे दिलेल्या आकड्यापेक्षा एक माणूस कमी धरा.

भारतातून आई-वडील सहा महिने राहायला येतात, त्यांचाही विचार आत्ताच करा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डुलणाऱ्या होडीत चढता येईल का? बसायच्या जागेला पाठ टेकते का? बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावरून जाते की डोक्याला लागते? सासरे कोकणातले असतील तर ते शीड कसं बांधावं याच्या सूचना देऊ लागतील. त्या बहुतेक बरोबर असतात.

गाडी किती ओढेल

जाहिरातीत होडीचं वजन असतं. गाडीला मात्र होडी, ट्रेलर, मोटर, पेट्रोल, नांगर, शिडं, पाण्याचे कॅन हे सगळं ओढावं लागतं. कॅटलिना २२ या लोकप्रिय होडीचं उदाहरण घ्या. खाली-वर होणाऱ्या कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) प्रकारात नुसती होडीच साधारण २,२५० पौंडांची. त्यात ट्रेलर आणि सामान धरलं की आकडा ३,४०० पौंडांच्या आसपास जातो. होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएनाची कमाल मर्यादा ३,५०० पौंड. कागदावर हे जमतं, पण त्याच गाडीत पाच माणसं आणि त्यांच्या बॅगाही असतात, आणि गाडीतला प्रत्येक पौंड ओढण्याच्या क्षमतेतून वजा होतो. डोंगराळ रस्ता आणि जुलैची दुपार यांचा हिशेब त्या आकड्यात नसतोच. आमचा सल्ला : कमाल मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाच्या आत राहा.

पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीची मर्यादा १,५०० पौंड आहे. त्यात १५ फुटी हलकी होडी आरामात बसते. टेस्ला मॉडेल वायची मर्यादा टो पॅकेजसह ३,५०० पौंड, पण ओढताना बॅटरी झपाट्याने उतरते आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही. गाडीचं वर्ष आणि ट्रिम बदललं की आकडे बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. तुमच्या गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा.

आणखी तीन गोष्टी :

- एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हिचवर यायला हवा. मागे जड मोटर टांगली की हा भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो.
- ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कधी लागतात, हे राज्यागणिक ठरतं. अनेक राज्यांत ही सीमा ३,००० पौंड आहे.
- होडीची रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असेल तर रस्त्यावर नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो. ट्रेलरसाठी म्हणून बनवलेल्या होड्या मुद्दामच त्या मापाच्या आत असतात.

ठेवाल कुठे

घर एचओएच्या (घरमालक संघाच्या) वसाहतीत असेल तर होडी बघायला जाण्याआधी त्या वसाहतीचे नियम वाचा. ड्राइव्हवेमध्ये होडी किंवा ट्रेलर उभा करायला अनेक वसाहतींत बंदी असते, आणि दंडाची नोटीस होडीइतकीच जड पडते. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर ट्रेलरच्या टोकापासून सुकाणूपर्यंतची लांबी मोजा. १५ फुटी होडी ट्रेलरसह सहज १८ फूट होते. काही ट्रेलरांचा पुढचा दांडा दुमडता येतो, तो असेल तर उत्तमच.

तलावाकाठच्या क्लबात डोलकाठी उभी ठेवून होडी जमिनीवर ठेवायची सोय असेल, तर थोडं जास्त भाडं भरूनही ती घ्या. का, ते डोलकाठीच्या भागात कळेल.

पाण्याखाली काय आहे

होडीचा स्वभाव इथे ठरतो. पर्याय मुख्यतः चार.

वर घेता येणारी, वजन नसलेली फळी. सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड. होडी हलकी, उथळ पाण्यात जाणारी आणि चपळ. पण ती उलटू शकते. उलटली तर सरळ करता येते, मात्र ते तुम्हाला यायला हवं. पाणी थंड असेल किंवा सोबतच्यांना पोहता येत नसेल तर हा प्रकार कुटुंबासाठी नको.

वर घेता येणारी जड कील. कॅटलिना २२ च्या पोटाखाली ५५० पौंडांची लोखंडी कील असते. विंच फिरवून ती खाली सोडायची. वर असताना होडीला दोन फूट पाणी पुरतं, पूर्ण खाली गेली की पाच फूट लागतं. सोय मोठी आहे, पण सगळा भार एका पोलादी तारेवर आणि एका खिळीवर असतो. तार तुटली तर कील धाडकन खाली येते आणि होडीच्या तळाला इजा करते. ही होडी जुनी घेत असाल तर तार, विंच आणि खिळीच्या जागेची झीज बघितल्याशिवाय दर बोलूच नका.

पक्की, उथळ कील. कॉम-पॅक १६ हे याचं चांगलं उदाहरण. तिला फक्त १८ इंच पाणी लागतं. हलणारा भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही. वाऱ्याविरुद्ध वर चढताना ही होडी मंद वाटते. ट्रेलरवरही ती जरा उंच बसते, म्हणून पाण्यात सोडायला खोल उताराचा रॅम्प लागतो.

पाण्याची टाकी. मॅकग्रेगर २६ च्या बहुतेक मॉडेलांत वजन म्हणून पाणी भरतात. रस्त्यावर टाकी रिकामी, म्हणून ओढायला हलकी. पाण्यात आल्यावर झडप उघडून टाकी भरायची. कल्पना सुरेख आहे, पण सगळी सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर टांगलेली. ४ जुलै २००२ ला लेक चॅम्पलेनवर अशीच एक २६ फुटी होडी उलटली. टाकी रिकामी होती, होडीवर खूप माणसं होती, आणि आत अडकलेली दोन मुलं दगावली. या प्रकारची होडी घेतलीत तर टाकी भरल्याची खात्री केल्याशिवाय एकही पाहुणा आत घ्यायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

डोलकाठी : इथेच उत्साह संपतो

विक्रेते म्हणतात, ‘वीस मिनिटांत तयार!’ त्यांना वीस मिनिटं लागत असतील. तुम्हाला पहिल्या वर्षी दीड तास लागेल, तोही कुणी बोलण्यात गुंतवलं नाही तर. डोलकाठी उचलायची, तारा ताणायच्या, बूम लावायची, शिडं चढवायची, सुकाणू बसवायचं, मग होडी पाण्यात सोडायची. परतताना हेच सगळं उलट, आणि तेव्हा तुम्ही दमलेले असता.

म्हणून होडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला विनंती करा : ‘आमच्यासमोर एकदा उभी करून दाखवा.’ घड्याळ लावा. एकटा माणूस हे करू शकतो का, की दोन माणसं आणि एक शिडी लागते, ते बघा. २२ फुटी होडीची डोलकाठी साधारण २५ फुटांची असते. ती एकट्याने उचलायची तर वेगळा आधारदांडा आणि दोरीची योजना हवी. जुन्या होडीसोबत ती मिळते का, ते विचारा. कॉम-पॅकच्या सनकॅटसारख्या होड्यांची डोलकाठी बिजागरीवर दुमडते. त्यात खरोखर वेळ वाचतो.

सगळ्यात महत्त्वाचा धोका : रॅम्पच्या आसपासच्या विजेच्या तारा. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. होडी ट्रेलरवर असताना तिचं टोक जमिनीपासून ३० फुटांच्या वर जातं. उभी करण्याआधी वर बघा, आणि उभी केल्यावर रॅम्पपर्यंतच्या वाटेवरही वर बघत जा. घरातल्या एका माणसाला फक्त हेच काम द्या.

काही होड्या, नावानिशी

बाजारात शेकडो प्रकार आहेत. सुट्या भागांची सोय आणि जाणकार मालकांची संख्या पाहता या चटकन विचारात घ्याव्यात :

- वेस्ट वाइट पॉटर १५. वजन जेमतेम ४७५ पौंड. दिसायला खेळण्यासारखी, पण दोन माणसं आत झोपू शकतात. छोटी गाडी आणि छोटं गॅरेज असलेल्या जोडप्यासाठी हिच्याइतकी सोयीची होडी विरळा. तिची मोठी बहीण पॉटर १९ चौघांच्या कुटुंबाला चालते, आणि ट्रेलर-सामानासह दोन हजार पौंडांच्या आसपास राहते.
- फ्लाइंग स्कॉट. सँडी डग्लस यांनी १९५७ मध्ये काढलेली १९ फुटी उघडी होडी, ८५० पौंडांची. केबिन नाही, पण बसायला जागा भरपूर. अनेक क्लबांत हिच्या शर्यती होतात, त्यामुळे शिकवणारे सहज भेटतात. हिला जड कील नाही हे लक्षात ठेवा.
- कॉम-पॅक १६. क्लार्क मिल्स यांचा आराखडा. मुलांना शिकवायची जगभर माहीत असलेली ऑप्टिमिस्ट होडीही त्यांचीच. शांत स्वभावाची, घाई नसलेल्यांची होडी.
- कॅटलिना २२. १५,००० हून अधिक बनल्या, त्यामुळे जुन्या बाजारात सतत दिसते आणि भाग मिळतात. एका जागी ठेवून वर्षातून दोन-तीनदाच ओढणार असाल तर उत्तम. दर शनिवारी ओढून नेणार असाल तर नको.
- मॅकग्रेगर २६. मोठी मोटर, उभं राहता येईल अशी केबिन, मुलांना आवडते. शिडावर चालवण्याचा आनंद मात्र यातल्या सगळ्यांत कमी. उत्पादन २०१३ मध्ये थांबलं.

जुनी होडी तपासताना

मोटरपासून सुरुवात करा. तुम्ही पोहोचण्याआधीच ती गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देते, असं समजा. ‘उद्या येतो, सुरू करू नका’ असं आधीच सांगून जा. मोटरच्या दांड्याची लांबी १५, २० की २५ इंच, तेही बघा. लांबी चुकली की लाटेवर पंखा हवेत फिरतो.

नंतर :

- डेकवर अनवाणी चाला. पाय दबल्यासारखा वाटला तर आतलं लाकूड कुजलं आहे. डोलकाठीच्या पायाशी आणि तारा बांधलेल्या जागी हमखास बघा. ही दुरुस्ती होडीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.
- तारांवरून जुना कपडा फिरवा. धागा अडकला तर तार तुटू लागली आहे.
- शिडं पूर्ण उघडून उन्हात धरा. नव्या शिडांचा खर्च जुन्या होडीच्या किमतीच्या जवळ जातो.
- ट्रेलरच्या टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर हायवेवर नेऊ नका.
- खाऱ्या पाण्यात वापरणार असाल तर ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड हवा. रंगवलेला आतून गंजतो.
- चाकांच्या बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, ते विचारा. हायवेवरून आल्या आल्या तापलेलं चाक थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकुंचन पावते आणि पाणी ओढून घेते. डोलकाठी उभारण्यात वेळ जातो तेवढ्यात चाकं निवू द्या. त्या दीड तासाचा हा एकच फायदा.

होडी महाग असेल तर स्वतंत्र सर्वेअर नेमा. सॅम्स आणि नॅम्स या संस्थांच्या यादीतले सर्वेअर विमा कंपन्या मानतात. दोन-तीन हजार डॉलरच्या होडीसाठी सर्वेचा खर्च अंगावर येतो. तिथे क्लबातला एखादा अनुभवी माणूस सोबत न्या आणि त्याला जेवू घाला.

कागदपत्रं आणि तुमचे हक्क

होडी आणि ट्रेलर या कायद्याने दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोघांची कागदपत्रं वेगळी. ‘ट्रेलरचं टायटल हरवलंय, पण चालतं’ असं ऐकलंत तर थांबा. टायटल विक्रेत्याने आधी काढून द्यावं, मग पैसे.

- १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या होडीला १२ अक्षर-अंकांचा हल क्रमांक असतो, मागच्या बाजूला उजवीकडे वर. तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा.
- होडीवर कर्ज बाकी नाही हे राज्याच्या नोंदीतून तपासा.
- मोटर लावली की राज्याची नोंदणी सक्तीची होते. निव्वळ शिडावरच्या छोट्या होडीला ती लागते का, ते राज्यावर आहे.
- होडी, ट्रेलर आणि मोटर यांचा विक्रीकरार तिघांचे क्रमांक घालून करा.
- आगाऊ रक्कम दिलीत तर ‘पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली नाही तर पैसे परत’ हे लिहून घ्या. खासगी विक्रीत होडी ‘आहे तशी’ घेतल्याचं लिहिलेलं असतं. सही झाल्यावर निघालेल्या दोषांसाठी विक्रेत्याला धरणं कठीण जातं. त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करावं लागतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी : राज्याच्या नोंदणीला नागरिकत्व लागत नाही. नागरिकत्वाची अट आहे ती कोस्ट गार्डच्या केंद्रीय नोंदणीला, आणि ती किमान पाच नेट टन मापाच्या जहाजांसाठी असते. ट्रेलरवरच्या होड्यांचा तिच्याशी संबंध येत नाही. मात्र ग्रेट लेक्सवर कॅनडाच्या काठाला लागून परत आलात, तर अमेरिकेच्या सीमा अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. व्हिसाचे कागद घरी ठेवून तो बेत करू नका.

विम्याबाबत एक गैरसमज फार आहे. ट्रेलर ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते बहुधा गाडीच्या विम्यात येतं, पण तुमच्या होडीचं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी हवी. ‘ठरलेली किंमत’ मिळेल की घसारा वजा करून, हे आधी विचारा. पाहुण्यांना इजा झाल्यास मिळणारं संरक्षणही तपासा.

पाण्यात उतरण्याआधी

प्रत्येक माणसाच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं, आणि १६ फुटांपासून पुढच्या होडीवर फेकता येईल असं एक तरंगतं साधन. राज्याचा वेगळा नियम नसेल तिथे १३ वर्षांखालच्या मुलांनी, केबिनच्या बाहेर असताना, जॅकेट घातलेलंच हवं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून मोटर चालवणाऱ्या प्रत्येकाकडे बोटर कार्ड लागतं, आणि तुमच्या होडीची छोटी मोटरही त्यात आली.

वेगवेगळ्या तलावांवर जाणार असाल तर होडीबरोबर एका तलावातून दुसऱ्यात पसरणाऱ्या झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांबद्दलचे नियम वाचा. होडी धुवायची, सगळं पाणी काढायचं, कोरडी करायची. लेक टाहोला तपासणी झाल्याशिवाय होडी उतरवता येत नाही. पाण्याच्या टाकीच्या होड्यांना इथे जास्त जाच होतो, कारण टाकीच्या तळाशी थोडं पाणी उरतंच. मागच्या तलावातलं पाणी सापडलं तर तुमचा शनिवार गेला.

केव्हा घ्यावी

एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच होडी हवी असते. तो काळ शिकण्यात घालवा. यूएस सेलिंग किंवा एएसए या शिडाची होडी शिकवणाऱ्या संस्थांचा प्राथमिक वर्ग करा, क्लबातल्या लोकांच्या होड्यांवर दोरी धरायला जा. शर्यतीच्या दिवशी माणसं कमी पडतात, ते आनंदाने घेतात. उत्तरेकडच्या राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विक्रेत्याला हिवाळ्याचं साठवण भाडं दिसू लागतं आणि दर उतरतात. तेव्हा घ्या. मात्र ते भाडं आता तुमच्या गळ्यात पडणार आहे, तेव्हा तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागायला संकोच करू नका. आणि मोटरची चाचणी पाणी गोठण्याआधी उरकून घ्या, ‘वसंतात बघू’ वर सही करू नका.